गिरण्यांचे इंदूर आणि खान नदी
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लिखित रूप)



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, कीर्तनकार बोलले, डॉक्टर बोलले. मी राज्य शासनातला एक साधा उपयंत्री. पदविकेपुरते शिक्षण आणि पंचवीसएक वर्षांची नोकरी, तीही बहुतेक पाइप, नाल्या आणि मोजमापाच्या वह्या यांत गेलेली. तेव्हा चिटणीसांनी 'काहीतरी बोला' म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हटले. मग ते म्हणाले, 'अहो, तुम्ही मिलवाल्यांच्या घरातले. इंदूरच्या गिरण्यांवर बोला.' तिथे मला नाही म्हणता आले नाही.

आपण इंदूरकर मराठी माणसे गिरणी म्हणत नाही, मिल म्हणतो. गिरणी म्हटले की आपल्याला पिठाची आठवते. मीही दोन्ही शब्द वापरीन, सांभाळून घ्या.

सुरुवात नदीपासून करतो, कारण गाव तिथूनच सुरू झाले. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी इंद्रेश्वराचे देऊळ होते. त्यावरून इंदूर हे नाव पडले असे सांगतात. कंपेलचे जमीनदार अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन राहिले आणि बाजारपेठ वसली. पुढे मल्हारराव होळकरांकडे हा मुलूख आला. पण अहिल्याबाईंचा दरबार महेश्वरी, नर्मदेच्या काठी. इंदूरला राजधानी आली ती 1818 साली. आधीच्या डिसेंबरात महिदपूरची लढाई हरली होती, मंदसोरचा तह झाला होता, आणि दिवाण तात्या जोग यांनी मोडलेले राज्य पुन्हा मांडायला घेतले होते. म्हणजे आपली ही राजधानी पराभवानंतरची आहे. शहराच्या पूर्वेला रेसिडेन्सी आली, राजवाड्याच्या बाजूला होळकरांचा कारभार राहिला, आणि नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या राहिल्या. राजघराण्यातल्या माणसांची स्मारके ज्या पाण्याच्या काठी बांधली, ते पाणी तेव्हा कसे असेल याची कल्पना करा. दुर्गंधीच्या काठी कोणी छत्री बांधत नाही.

आता पैसा कुठून आला ते पाहू. एकोणिसाव्या शतकात माळव्याचा मोठा व्यापार अफूचा. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई. इंदूरच्या सराफ्यातल्या पेढ्या त्या व्यापारावर पोसल्या. दुसरीकडे माळव्याची काळी माती, म्हणजे कापूस. तुकोजीराव महाराज दुसरे मोठे व्यवहारी गृहस्थ. 1860 च्या दशकात त्यांनी संस्थानच्या पैशातून कापडाची गिरणी उभी करायला घेतली. तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती. विंध्याचा घाट ओलांडून यंत्रे आणायची म्हणजे काय, ते घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या मागे तासभर उभे राहिलेल्याला समजेल. मग महाराजांनी रेल्वेही आणली. खंडव्याहून इंदूरपर्यंतच्या लाईनसाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. एका संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यायचे, आणि तेही आपल्या गावाला गाडी यावी म्हणून! 1870 च्या दशकात नर्मदेवर पूल झाला आणि गाडी घाट चढून इंदूरला पोचली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनचा अफूचा व्यापार बंद पडत गेला, 1913 पर्यंत तो संपलाच. पेढ्यांमधला पैसा रिकामा झाला. तो गिरण्यांकडे वळला. 1907 पासून पुढच्या वीसएक वर्षांत मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार आणि भंडारी अशा मिली उभ्या राहिल्या. सर सेठ हुकुमचंदांना लोक 'कॉटन किंग' म्हणत. त्यांचे काचमंदिर आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो. पण त्यांचे खरे स्मारक ईशान्येकडच्या त्या चिमण्या होत्या.

कापडाच्या मिलला पाणी लागते ते तीन कामांना. बॉयलरला, वाफ करायला. धुलाई आणि रंगाईला. आणि हवेत ओल ठेवायला, कारण कोरड्या हवेत सूत तटातट तुटते. माळव्याचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे साचेखात्यात सतत पाण्याचा फवारा असे. माझे वडील साच्यांवर होते. घरी आले की मे महिन्यातही त्यांचा सदरा दमट असे, आणि केसांत कापसाचे तंतू. आई दारातच त्यांचे डोके झटकायची.

कामगार आले कुठून? खानदेशातून आले, उत्तर प्रदेशातून आले, राजस्थानातून आले. परदेशीपुरा हे नाव उत्तरेकडून आलेल्या त्या 'परदेशी' लोकांवरून पडले. गुलझारीलाल नंदांच्या नावाने नंदानगर ही कामगारांची वसाहत झाली. आपली मराठी मंडळीही होती. कोणी टाइमकीपर, कोणी हिशेबनीस, कोणी विव्हिंग मास्तर, आणि बरेचजण साच्यांवर. आपल्या समाजात संस्थानी नोकरीवाल्यांचा मान मोठा, मिलवाल्यांचा जरा कमी. हेही आज सांगून टाकतो. रामबागेतल्या हळदीकुंकवाला माझी आई मागच्या रांगेत बसे.

तीन पाळ्या आणि भोंगा. भोंग्यावर अख्खे पूर्व इंदूर चाले. दूध तापवणे, शाळेचा डबा, आजोबांची गोळी, सगळे भोंग्यावर. पगाराच्या दिवशी मिलच्या गेटपासून पाटनीपुऱ्यापर्यंत बाजार भरे. इथल्या मजुरांच्या बळावर होमी दाजी 1962 साली लोकसभेवर निवडून गेले. दुसरीकडे इंटकचे द्रविडजी आणि रामसिंहभाई यांची संघटना होती. वाद कडाक्याचे होत, पण त्या वादांतूनच बोनस, रजा, दवाखाना या गोष्टी मिळाल्या.

आणि या सगळ्याचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस अनंत चतुर्दशी. 1920 च्या दशकात हुकुमचंद मिलने झांकी काढायला सुरुवात केली, मग सगळ्या मिली काढू लागल्या. जे हात वर्षभर साचा दुरुस्त करत, तेच हात महिनाभर आधीपासून पुतळे हलवायची कळ, दिव्यांच्या माळा, फिरते चक्र बनवत. देखावा पुराणातला, यंत्रणा मिलच्या वर्कशॉपमधली! रात्रभर मिरवणूक चाले, आखाडे चालत, आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या भरून माणसे येत. वडील मला खांद्यावर घेत. कृष्णाने कालियाच्या फण्यावर पाय ठेवला की ते कानात सांगत, 'तो पाय खाली-वर होतो ना, ती कॅम आपल्या खात्यातल्या शंकरने बसवलीय.' मला कृष्णापेक्षा तो शंकर मोठा वाटे.

आता उतरणीकडे येतो. गिरण्या का बसल्या याचे एकच कारण सांगणारे पुष्कळ भेटतील. कोणी म्हणेल युनियन, कोणी म्हणेल मालक, कोणी म्हणेल सरकार. मला उमगले ते असे. पहिले कारण यंत्रे. 1920 च्या सुमाराच्या मिलींना चांगल्या वर्षांत जो नफा झाला, त्यातला पुरेसा पैसा नव्या यंत्रांत परत गेला नाही. दुसरे, यंत्रमाग. बुऱ्हाणपूर, भिवंडी, मालेगाव इथे छोट्या शेडमध्ये तेच कापड कमी खर्चात निघू लागले, कारण तिथे पाळीचे तास, भविष्यनिधी, दवाखाना हे खर्चच नव्हते. तिसरे, टेरिकॉट. लोकांना इस्त्री न लागणारे कापड हवे झाले आणि आपल्या मिली धोतर-लट्ठा विणत राहिल्या. 1974 साली आजारी मिलींचे राष्ट्रीयीकरण झाले. मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या राष्ट्रीय वस्त्रोद्योग निगमाकडे गेल्या. नोकऱ्या काही वर्षे वाचल्या, यंत्रे मात्र तीच राहिली. आणि चौथे कारण जमीन. शहर वाढत वाढत मिलींच्या भोवती आले आणि मिलच्या आतल्या कापडापेक्षा खालच्या जमिनीची किंमत जास्त झाली. मग मिल चालवण्याची निकड उरते कोणाला?

1991 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद झाली. 5,895 कामगार. पुढे कोर्टकचेरी, अवसायक, जमिनीचा वाद. कामगार दर रविवारी गेटवर जमत राहिले. पहिल्यांदा आले ते पन्नाशीतले, नंतर त्यांच्या बायका आल्या, मग मुले. अखेर 2023 च्या डिसेंबरात 224 कोटी रुपयांच्या देण्याचा धनादेश निघाला. आनंदाचीच गोष्ट आहे, ज्यांनी ती घडवून आणली त्यांचे आभार. पण मोजमापाची वही हातात असलेला माणूस हिशेब केल्याशिवाय राहत नाही. 224 कोटी भागिले 5,895 म्हणजे माणशी सरासरी पावणेचार लाखांच्या थोडे वर. आधी काही रक्कम वाटली गेली होती, ती यात धरलेली नाही. बत्तीस वर्षांनी भागले तर महिन्याला हजार रुपयेसुद्धा होत नाहीत. आणि ज्यांच्या नावाने ते आले त्यांतले कितीतरी तोवर निघून गेले होते.

माझे वडील दुसऱ्या एका मिलमध्ये होते. नाव सांगत नाही, कारण आज गाऱ्हाणे मांडायला उभा नाही. तीही त्याच काळात थांबली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. एके सकाळी भोंगा वाजला नाही आणि आईचे दूध उतू गेले. घरात कोणी काही बोलले नाही. वडिलांनी रोजच्यासारखी आंघोळ केली, डबा घेतला, सायकल काढली आणि गेले. संध्याकाळी वेळेवर परत आले. असे दीड महिना चालले. नंतर कळले की ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर बसून डबा खात आणि पाळी सुटायच्या वेळी घरी येत. पुढे कापड मार्केटमध्ये एका दुकानी मापाच्या कामाला लागले. ज्या हातांनी कापड विणले, ते उरलेली वर्षे दुसऱ्याचे कापड वार-वार मोजत राहिले. मी पदविका केली, पदवी नाही, याचे कारणही तेच. त्याचे दुःख नाही. पण छत्र्यांवर बसलेला तो माणूस डोळ्यांसमोरून जात नाही, आणि म्हणून मला नदीकडे परत यावे लागते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला खान नदीच्या काठाने पातळी घ्यायचे काम मिळाले. मी नकाशावर नेटक्या अक्षरांत लिहिले, 'नाला'. छत्र्यांजवळ एक म्हातारे झाडलोट करणारे गृहस्थ माझ्या खांद्यावरून बघत होते. ते म्हणाले, 'साहब, नाला नहीं, नदी है. हमने इसमें तैरना सीखा.' मी कागद दुमडून ठेवला. वडील ज्या काठावर बसून दिवस काढत, त्याचे नाव मी पुसले होते. चूक माझी होती, आणि ती एकट्या माझी नव्हती. आपल्या घरांत मुले विचारतात, 'बाबा, तो नाला कुठला?' आणि आपण सांगतो, 'तो? तो असाच आहे.'

लोक म्हणतात मिलींनी नदी घाण केली. रंगाईचे पाणी नदीत जाई, हे खरेच. पण मग मिली बंद झाल्यावर नदी सुधारायला हवी होती. ती आणखी बिघडली. का? 1970 साली इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले. इथल्या ज्येष्ठांपैकी काहीजण त्यात असतील. 1978 च्या सुमारास नर्मदा आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, चारशे मीटरहून जास्त उंची चढून! अभिमान वाटावा असे काम. पण आमच्या शास्त्रात एक साधा नियम आहे. घराला शंभर बादल्या पाणी दिले तर ऐंशी बादल्या सांडपाणी होऊन बाहेर येते. शंभर बादल्या आणायची आपण व्यवस्था केली, ऐंशी न्यायची केली नाही. ते ऐंशी खान आणि सरस्वतीत गेले. 1951 साली तीन लाखांचे गाव, 2011 साली साडेएकोणीस लाखांचे शहर. नर्मदा घरात आली आणि खान आपण दाराबाहेर काढली. ही नदी पुढे उज्जैनला क्षिप्रेला मिळते. सिंहस्थात भाविकांना आपले सांडपाणी लागू नये म्हणून 2016 च्या पर्वाआधी खानचे पाणी पाइपातून वळवावे लागले. आपण क्षिप्रास्नानाला जातो तेव्हा आपलेच पाणी चुकवायला शासनाला खर्च येतो!

हे असे होईल याची सूचना आपल्याला शंभर वर्षांपूर्वी मिळाली होती. 1917 साली प्लेगच्या दिवसांत होळकर दरबाराने पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. त्याने काय केले? दिवाळीची मिरवणूक काढली. जाहीर केले की जो मोहल्ला जास्त स्वच्छ, त्यातून मिरवणूक जाईल. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा होता आणि सफाई कामगार हार घालून मानाने चालत होते. म्हणजे झांकीची ताकद त्या परक्या माणसाने ओळखली होती. 1918 च्या अहवालात त्याने सांगितले की मोठाल्या खर्चिक गटारयोजनेमागे धावू नका, नदीकाठ बागांनी जिवंत करा, मैला मातीला द्या. पाठोपाठ 1924 नंतरच्या वर्षांत इथेच, कापूस सुधारण्यासाठी काढलेल्या संस्थेत, अल्बर्ट हॉवर्ड यांनी कचऱ्यापासून खत करायची पद्धत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. म्हणजे ज्या कापसाने मिली दिल्या, त्याच कापसाच्या अभ्यासातून कचऱ्यावरचा उपायही याच गावात निघाला. आपण पहिले घेतले आणि दुसरे शिकायला नव्वद वर्षे लावली.

आता कोणी म्हणेल, उतरणीच्या कसल्या गोष्टी सांगता? इंदूर 2017 ते 2023 या वर्षांत स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले. बरोबर आहे. 2021 साली 'वॉटर प्लस' हा मानही आपल्याला पहिल्यांदा मिळाला. नदीत पडणारी हजारो सांडपाण्याची तोंडे शोधून बंद केली. त्या कामात आमच्यासारखे अनेक लोक चिखलात उभे होते. उद्योगही पिथमपूरला, देवासला गेले, नाहीसे झाले नाहीत. शहर खाली गेले नाही, ते पुढे सरकले. अफूतून कापडात, कापडातून मोटारींत आणि संगणकात. पण प्रत्येक वेळी सरकताना त्याने ज्यांना मागे ठेवले, त्यांचा हिशेब फार उशिरा केला. कामगारांचा बत्तीस वर्षांनी. नदीचा अजून पुरा झालेला नाही. पावसाळ्यानंतर एकदा कृष्णपुऱ्याच्या पुलावर उभे राहून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

मला मंडळापुढे तीन छोट्या विनंत्या ठेवायच्या आहेत. पहिली, विसर्जनाची. आपली मूर्ती मातीची असू द्या. ती घरच्या बादलीत विसर्जन करा किंवा ठरवून दिलेल्या ठिकाणी द्या. खानमध्ये नको. दुसरी, आपल्यातले मिलवाले आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे हजेरी कार्डे आहेत, झांकीचे फोटो आहेत, खात्यांची नावे आहेत. पुढच्या स्मरणिकेत चार पाने त्यांना द्या. ते बोलतील ते लिहून घ्यायला मी येतो. माझ्या वडिलांचे कोणी लिहून घेतले नाही, मीसुद्धा नाही. ते गेल्यावर कपाटात दोन गोष्टी सापडल्या, हजेरीचे कार्ड आणि मापाची फूटपट्टी. कार्डावर खात्याचा नंबर आहे, पण त्या खात्यात नेमके काय काम चाले ते सांगणारा आता घरात कोणी नाही.

तिसरी विनंती अनंत चतुर्दशीची. मिली बंद झाल्या तरी त्यांच्या गणेशोत्सव समित्या झांक्या काढतात. पगार नाही, वर्कशॉप नाही, कोणी वर्गणी देते, महापालिका आणि विकास प्राधिकरण मदत करते, आणि जुने कामगार व त्यांची मुले ते दिवे जोडतात. आपण बहुतेकजण पुढच्या मोठ्या झांक्या पाहून दहा वाजता घरी परततो. यंदा थांबा. मुलांना घेऊन थांबा. ज्या गाडीवर मिलचे नाव असेल ती जाईपर्यंत थांबा, आणि मागे चालणाऱ्या पांढऱ्या केसांच्या माणसाला नमस्कार करा. तो कोणाच्या खात्यात होता ते विचारा. तो सांगेल. त्याला तेवढेच हवे असते.



गणपती बाप्पा मोरया!